एम.लिब.चा अर्ज

१४ जून, शनिवार

इग्नूच्या एम.लिब.चं माहितीपत्रक आज छापून आणलं. कागद हातात असला की समासात खुणा करता येतात, मोबाइलवर ते होत नाही. दुपारी पंख्याखाली बसून सगळं वाचून काढलं.

आमच्या वाचनालयाची वेळ सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ. मधले पाच तास बघणाऱ्याला मोकळे वाटतात. पण त्यात घरी जाऊन जेवण, दादाच्या द्राक्षबागेत चक्कर, आईची औषधं आणि कधी पंचायत समितीत एखादा कागद, असं सगळं कोंबलेलं असतं.

एका श्रेयांकाला अभ्यासाचे ३० तास धरतात. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका वर्षाला ४० श्रेयांक, म्हणजे १२०० तास. ते ३६५ दिवसांत बसवायचे तर रोज सव्वातीन तासांच्या वर जातात आणि दोन वर्षांत पसरले तर रोज पावणेदोन तासांच्या आत येतात. हा हिशेब पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूला मांडून ठेवलाय. बी.लिब. केलं तेव्हा असला हिशेब केला नव्हता. तेव्हा धाकटी मुलगी जन्मलीही नव्हती.

१५ जून, रविवार

दादाला सांगितलं. तो बागेत शेंडे खुडत होता. हात न थांबवता म्हणाला, "पगार किती वाढंल?"

"नाही वाढणार."

"मग कशाला रं?"

प्रश्न सरळ आहे. माझ्या जागेसाठी बी.लिब. पुरतं. सार्वजनिक ग्रंथालयाचं अनुदान वाचनालयाच्या वर्गावर ठरतं. अ, ब, क, ड असे चार वर्ग, शिवाय जिल्हा, तालुका आणि इतर अशी पायरी. ग्रंथपालाकडे कुठली पदवी आहे यावर त्यात रुपया हलत नाही. ते अनुदानही वर्षातून दोन हप्त्यांत येतं आणि पगार त्याच्या मागोमाग चालतो. एम.लिब. झालो तरी मार्चमध्ये मी आजच्यासारखाच हप्त्याची वाट बघत असणार.

दादाला कारण सांगायला गेलो आणि शब्दच जुळेनात. तो एवढंच म्हणाला, "शिकायचं तर शिक, पण छाटणीला मागं सरू नकोस." परीक्षा जून आणि डिसेंबरात. ऑक्टोबरात फळछाटणी आणि डिसेंबरात घड भरताना दावण्या रोगाची भीती, तेव्हा औषधाच्या पंपावर दुसरा माणूस लागतो. तो दुसरा माणूस मी. जूनमध्ये मात्र खरडछाटणी उरकून काडी तयार होत असते. म्हणजे बसलो तर जूनलाच बसायचं, हे दादाच्या त्या एका वाक्यानं ठरून गेलं.

१९ जून, गुरुवार

दादाला जे सांगता आलं नाही ते आज देवघेवीच्या टेबलापुढे उभं राहिलं.

सावळजकडून एक बागायतदार आले. पस्तिशीचे असतील. बोअरच्या पाण्यावर बाग, जमिनीवर पांढरा थर यायला लागलाय, पानांच्या कडा जळतायत. कृषी सेवा केंद्रवाल्यानं जिप्सम टाका म्हणून सांगितलंय. एवढा खर्च करण्याआधी त्यांना स्वतः वाचून बघायचं होतं. "क्षारपडवर काही पुस्तक असंल का सर?"

होतं. दाखल नोंदवहीत नाव सापडलं, दाखलांकही सापडला. शेतीच्या कपाटात मात्र पुस्तक नव्हतं. आमच्याकडची मांडणी फार जुनी: कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक, शेती, विज्ञान, संकीर्ण, आणि प्रत्येकात दाखलांकाच्या क्रमानं. ज्याच्या हाती पुस्तक आलं त्याला ते ज्या विषयाचं वाटलं त्या कपाटात ते गेलं. त्यांनी अर्धा तास वाट बघितली, मग शेवटच्या एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. मी कुलूप लावायच्या आधी पुन्हा शोधलं. विज्ञानाच्या कपाटात, शाळेच्या रसायनशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ते उभं होतं.

तिथेच उभ्यानं चाळलं. क्षारयुक्त जमीन वेगळी आणि चोपण जमीन वेगळी, आणि दोन्हींवरचे उपायही वेगळे. क्षारयुक्त असेल तर निचरा काढायचा आणि चांगल्या पाण्यानं मीठ खाली धुऊन न्यायचं. जिप्सम लागतो तो चोपणला. आधी माती तपासून घ्यायची आणि मग पैसे घालायचे. बोलताना मात्र आपण सगळ्यालाच क्षारपड म्हणतो.

त्यांना फोन करून सांगितलं. रविवारी येतो म्हणाले.

ड्यूई दशांशात मातीशास्त्र ६३१.४ वर आणि द्राक्ष ६३४.८ वर, म्हणजे एकाच कपाटात, हात पुढे केला की दोन्ही मिळतील अशी. एवढं वर्गीकरण मी बी.लिब.लाच शिकलोय, त्यासाठी एम.लिब. लागत नाही. अडतं ते पुढे. ज्याला फक्त 'क्षारपड' हाच शब्द येतो त्याला क्षारयुक्त आणि चोपण या दोन्हींपर्यंत न्यायचं कसं? पुस्तकाच्या नावात यातला एकही शब्द नसेल तर? मराठीत विषयशीर्षकांची तयार यादी हाताशी नाही, ती बसवायची कोणत्या रीतीनं? हे माहितीच्या प्रतिप्राप्तीचं शास्त्र आहे आणि ते मला येत नाही. मला ते यायला हवंय. दादाला हे सांगायला हवं होतं.

२२ जून, रविवार

बागायतदार येऊन पुस्तक घेऊन गेले. माती तपासायला दिलीय म्हणाले.

दुपारी कॉलेजच्या ग्रंथपाल सरांकडे गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि सगळं मोकळेपणानं सांगितलं. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं तर ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, वर नेट किंवा सेट. नेटला आपल्या विषयाचा क्रमांक ५९. दूरशिक्षणाची पदवी चालते का, ही माझी शंका त्यांनी लगेच फेडली: यूजीसीनं २०२२ च्या सप्टेंबरात स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. फक्त त्या अभ्यासक्रमाला दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, हे अर्ज करायच्या आधी बघ.

मग म्हणाले, "पण नोकरीसाठी करत असशील तर आत्ताच विचार कर. जागा निघत नाहीत. निघाल्या तर एका जागेला किती पोरं असतात ते मी मुलाखतीला बसून बघितलंय."

मी म्हणालो, नोकरीसाठी नाही.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "मग ५५ टक्के तरी पाडच. दार उघडं राहू दे."

हा सल्ला मला पटला. ते दार माझ्यासाठी आज महत्त्वाचं नाही, पण मी एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि नेटच्या सहायक प्राध्यापक पात्रतेला वयाची अट नाही. पुढे काय लागेल हे आज ठरवून टाकायचं कारण नाही.

त्यांनी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नियमित करण्याचाही विषय काढला. विभाग चांगला, शिक्षक समोर, शिवाय विद्यापीठाचं मोठं ग्रंथालय. मन क्षणभर तिकडे गेलं. पण रोज सांगली आणि मग कोल्हापूर अशा दोन एसट्या, आणि संध्याकाळी चारला टेबलावर हजर, हे बसत नाही. नोकरी सोडून शिकायचं तर घर कशावर चालवू? त्यावर परत विचार करणार नाही.

२८ जून, शनिवार

वरच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणारी पोरं बसतात. त्यातली एक मुलगी, एम.ए. झालेली, पुस्तक बदलायला खाली आली. टेबलावरचं माहितीपत्रक तिनं उलटं वाचलं.

"काका, तुम्ही पण?"

सांगितलं. ती स्टूल ओढून बसली. तिचं म्हणणं असं की तिनं एम.ए. केलं ते घरचे लग्नाचं काढतील म्हणून. दोन वर्षं मिळाली. वाचलं त्यातलं परीक्षेपुरतं राहिलं, बाकी गेलं. "तुमचं बरं आहे, तुम्हाला काय विचारायचंय ते तुम्हाला माहितीय."

हे ऐकून मला बरं वाटलं नाही. ती हुशार आहे. राज्यघटनेवरचं जाड पुस्तक तिनं आमच्याकडून इतक्यांदा नेलंय की त्याची बांधणी मी दुसऱ्यांदा करून घेतली. पदवी घेताना विचारायला प्रश्न नसणं हा तिचा दोष नव्हे. एकविसाव्या वर्षी कामच केलेलं नसतं, तर अडणार कुठे? नोकरी करता करता शिकण्याच्या बाजूनं मी आजवर ऐकलेल्या सगळ्या कारणांत मला हेच सगळ्यांत भक्कम वाटतं: कामात जिथे अडलो ती जागा घेऊन पुस्तक उघडता येतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

वाचनालय बंद. निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांचा विरोध मला ठाऊक होता आणि तो नीट ऐकून घ्यायचा होता.

त्यांचा मुद्दा असा: इग्नूची सगळी पुस्तकं ई-ज्ञानकोशावर फुकट आहेत. वाच. प्रमाणपत्राला पैसे कशाला देतोस? फी माझ्या दीड पगाराएवढी होते हे त्यांना माहीत होतं. आणि मग त्यांनी रंगनाथनांचं नाव काढलं. "ते गणिताचे मास्तर. त्यांनी कुठं एम.लिब. केलं?"

रंगनाथनांचं मी थोडं वाचलंय, म्हणून बोललो. १९२४ मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातलं शिकवणं सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि पहिल्या काही दिवसांतच कंटाळून परत जायला निघाले होते. त्यांना थांबवून लंडनला पाठवलं गेलं. तिथे युनिव्हर्सिटी कॉलेजात ते बर्विक सेयर्स यांच्याकडे शिकले, आणि सेयर्स हे स्वतः क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख. त्यांच्या ग्रंथालयात रंगनाथनांनी प्रत्यक्ष काम बघितलं, आणखी कितीतरी ग्रंथालयं पालथी घातली. सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनोचा खेळ बघताना, सुटे भाग जोडून हवा तो विषय बांधता येईल अशी द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना त्यांना सुचली ती तेव्हाच. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी मन्नारगुडीला बैलगाडीतून पुस्तकं गावोगाव जायला लागली.

"म्हणजे ते शिकायला गेलेच, गुरुजी. नोकरी लागल्यावर गेले. आणि शिकवणारा चालत्या ग्रंथालयातला होता."

गुरुजी हसले नाहीत, पण मान हलवली. मग म्हणाले, "तुला लंडनचा सेयर्स मिळणार नाहीये. टपालानं पुस्तकं मिळणार आहेत."

हे खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पूर्ण नाही. पण फुकट वाचण्याबद्दलचं उत्तर आहे. गेली दोन वर्षं ती पुस्तकं ई-ज्ञानकोशावर माझ्यासमोर आहेत. सुरुवातीची प्रकरणं वाचली, संशोधनपद्धतीपाशी आलो की सोडून दिलं. तिथे संख्याशास्त्र येतं. अवघड भाग ओलांडायला मला स्वाध्यायाची तारीख लागते आणि लिहिलेलं तपासणारा माणूस लागतो. फी भरायची ती याच्यासाठी.

१३ जुलै, रविवार

हिच्याशी बोललो. आधीच बोलायला हवं होतं असं ती म्हणाली नाही, पण माहितीपत्रक घेऊन शेवटपर्यंत वाचलं. ती अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकरच्या नोंदी भरता भरता तिची संध्याकाळ जाते. माझे पावणेदोन तास कुणाच्या वाट्यातून येणार हा प्रश्न तिचाच होता, आणि तिनं तो विचारलाही.

रात्रीची भांडी आणि धाकटीचा अभ्यास सध्या मी बघतो. तिचं म्हणणं: अभ्यास सोडायचा नाही, धाकटीचं गणित तुमच्याकडेच पक्कं होतंय. भांडी मी घेते, पण सकाळचं पाणी तुम्ही भरायचं आणि आईंची औषधं पण तुम्हीच. उरला वेळ पहाटेचा. साडेचार ते सहा.

मग तिनं विचारलं, "दोन वर्षांनी काय वेगळं असंल?"

मी म्हणालो, वाचनालयात आलेल्या माणसाला पुस्तक शोधत अर्धा तास उभं राहावं लागणार नाही.

"आन् मला?"

हा प्रश्न तिनं गमतीत विचारलेला नव्हता. तिला बी.ए. पुरं करायचंय, दुसऱ्या वर्षाला राहिलंय. हे मला माहीत होतं, पण माझ्या हिशेबात ते कुठे आलंच नव्हतं. दोघांचं एकदम जमणार नाही, पैसे नाहीत आणि वेळही नाही. खूप वेळ बोललो. ठरलं असं की माझं दोन वर्षांत पसरायचं नाही. एका वर्षात जेवढं उरकेल तेवढं उरकायचं, आणि पुढच्या जुलैत तिनं मुक्त विद्यापीठात नाव घालायचं, माझे एक-दोन पेपर राहिले तरीही. पहाटेची वेळ मग तिची.

म्हणजे सव्वातीन तास. हिशेबाचा कागद काढून पुन्हा मांडला. दुपारचे दीड, पहाटेचे दीड, आणि रविवारी भर. बागेची चक्कर दिवसाआड करावी लागेल.

१८ जुलै, शुक्रवार

कोहा या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती रात्री वाचनालयाच्या संगणकावर चालवून बघितली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते बनवलं गेलं, २००० साली वापरात आलं आणि तेव्हापासून सगळ्यांना फुकट आहे. छोट्या गावांतल्या ग्रंथालयासाठी केलेली वस्तू आज मोठमोठी विद्यापीठं वापरतात, याचा मला फार आनंद होतो.

शेतीची मोजकी पुस्तकं नोंदवली. देवनागरीत शोध लागतो. 'द्राक्ष' टाकलं तर 'द्राक्षे' नावाचं पुस्तक आलं नाही, 'द्राक्षांवरील' तर नाहीच. मराठी शब्दाला विभक्ती लागली की यंत्र त्याला ओळखत नाही. त्यावर उपाय आहेत, काही कोहाच्या आत, काही नोंद करतानाच विषयशीर्षक नीट देण्याचे. कोणते, ते या अभ्यासक्रमातून शोधून काढायचंय. आमच्या तालुक्यातल्याच नव्हे, महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाचनालयाला हा प्रश्न येणारच. ज्या कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये, देशात कुणीही करायच्या आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, त्याच्या शेजारच्या तालुक्यात आम्ही अजून दाखलांकानं पुस्तकं लावतो.

२७ जुलै, रविवार

कार्यवाहांना भेटलो. परीक्षेच्या दिवसांची रजा आणि वर्गीकरण बदलायची परवानगी, अशा दोन गोष्टी मागितल्या. रजा लगेच मिळाली. वर्गीकरणावर ते अडले. जुन्या सभासदांना कपाटं पाठ आहेत, ती हलवली तर तक्रारी येतील. मी म्हणालो, कथा-कादंबऱ्यांना हात लावत नाही. फक्त शेती, विज्ञान आणि संकीर्ण. ते म्हणाले, आधी शेती करा, सहा महिने बघू.

माझ्या मनासारखं अर्धंच झालं. पण शेतीचंच कपाट मला आधी हवं होतं.

३ ऑगस्ट, रविवार

अर्ज भरला. आधी श्रेयांक बँकेचा क्रमांक, मग त्यावरून दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक काढायचा, तो नसेल तर प्रवेशाचं पान पुढे सरकत नाही. बी.लिब.च्या गुणपत्रिकेवर आडनावाचं एक अक्षर आधारपेक्षा वेगळं निघालं, त्यात दुपार गेली. ही माझ्याशेजारी बसून पान वाचत होती. पुढच्या वर्षी तिलाच भरायचंय म्हणून एकेक पायरी वहीत उतरवून घेत होती.

फीचे पैसे भरले. दादानं त्यातले काही दिले. बेदाण्याच्या सौद्यातले ठेवलेले होते म्हणाला, परत मागणार नाही, पण डिसेंबरात पंपावर ये.

५ ऑगस्ट, मंगळवार

सावळजचे बागायतदार पुस्तक परत करायला आले. मातीचा अहवाल सोबत होता. क्षारयुक्त निघाली, चोपण नाही. जिप्समची गरज नाही, चर काढून निचरा करायचाय. निचऱ्यावर काही आहे का म्हणून त्यांनी विचारलं. जमिनीच्या निचऱ्यावर एक आणि ठिबकवर एक अशी दोन काढून दिली. या वेळी दोन्ही एकाच फळीवर होती, कारण शेतीचं कपाट गेल्या आठवड्यात रिकामं करून ६३१ पासून लावायला घेतलंय. ६३३ पर्यंत आलोय. ६३४ उद्या दुपारी.